समुद्राकडे पाठ करा : किनाऱ्यावरच्या ईस्टर पहाट-उपासनेची तयारी

पहिल्या वर्षी आमच्या तरुण संघाने उपासनेचं पोस्टर केलं, त्यावर समुद्रातून वर येणारा मोठा लाल सूर्य होता. कोळीवाड्यातल्या एका काकांना ते दाखवलं तर ते हसायलाच लागले. "हा मावळतीचा आहे," म्हणाले. "आपल्याकडे दर्यातनं सूर्य निघाला तर समजायचं काहीतरी बिघडलंय."

काकांच्या त्या वाक्यात कोकणकिनाऱ्यावरच्या ईस्टर उपासनेचं निम्मं नियोजन आहे. इंटरनेटवर दिसणारे फोटो बहुतेक पूर्व किनाऱ्यांचे असतात, आणि मरीनावर किंवा पुरीला ते खरंही आहे. पण डहाणूपासून गोव्यापर्यंत सूर्य आपल्या पाठीमागून, डोंगर आणि माडांच्या शेंड्यांवरून येतो. ज्यांच्या चर्चची मंडळी चाळीस-साठ माणसांची आहे, पाळक एकच आणि पंच कमिटीतले निम्मे सत्तरीचे, अशांसाठी हे लिहितो आहे. आम्ही अलिबागच्या बाजूचे, म्हणून उदाहरणं तिकडची.

आधी तिथी, मग जागा

बहुतेक मंडळ्या आधी जागा ठरवतात. उलट करा. ईस्टरची तारीख चंद्रावरून निघते आणि भरतीही चंद्रावरच चालते, त्यामुळे त्या पहाटे पाणी कुठे असेल हे वर्षभर आधी सांगता येतं.

ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कुठेही पडतो. चर्चची पौर्णिमा कोष्टकातून काढलेली असते, आकाशातल्या पौर्णिमेशी तिचा थोडा फरक पडू शकतो. तरी साधारणपणे ईस्टर येतो तो वद्य प्रतिपदेपासून सप्तमी-अष्टमीपर्यंतच्या एखाद्या तिथीला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती तिथी बघा आणि कोळ्यांचा जुना हिशेब लावा : तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आमच्याकडे सुकती म्हणतात.

उदाहरण घेऊ. २०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला, वद्य तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे रात्री सव्वादोनला भरती, सकाळी साडेआठच्या सुमाराला सुकती. पहाटे सहाला पाणी मागे हटत असतं, पुळण दर मिनिटाला रुंद होत असते. याहून सोयीचं काही नाही. २०२९ ला १ एप्रिलला द्वितीया आहे, तेव्हाही असंच. २०२७ मध्ये २८ मार्चला षष्ठीच्या आसपास, म्हणजे भरती साडेचारला. सहाला पाणी नुकतं उतरायला लागलेलं असेल, वाळू ओली आणि जागा बेताची. आणि २०२८, १६ एप्रिल : सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. ऐन उपासनेच्या तयारीच्या वेळी पाणी सगळ्यात वर.

सप्तमी काय करते ते आम्हाला २०२५ ला कळलं. २० एप्रिलचा ईस्टर, सप्तमीच. आम्ही हौशीने शनिवारी रात्री दहाला जाऊन खुर्च्या मांडल्या, लाकडी क्रूस रोवला. पाणी सत्तर-ऐंशी पावलं लांब होतं, आणि का होतं याचा कुणी विचार केला नाही : भरतीच्या आधी सहा-सात तास म्हणजे सुकतीच. पहाटे पाचला मी टॉर्च घेऊन पोचलो तेव्हा क्रूस घोटाभर पाण्यात उभा होता, पुढच्या रांगेतल्या तीन खुर्च्या आडव्या झाल्या होत्या आणि एक कायमची गेली. मंडप डेकोरेटरला भरपाई द्यावी लागली. क्रूस हलला नाही, एवढंच समाधान. आमच्या सेक्रेटरीने ते ईस्टरच्या संदेशात वापरायचा प्रयत्न केला, पण पाळकांनी थांबवलं.

एक दिलासा आहे. सप्तमी-अष्टमीची भरती भांगाची असते, उधाणाची नाही. पाणी फार वर चढत नाही. उधाणाच्या भरतीने सगळ्यात वर जी काळपट रेघ सोडलेली असते, वाळलेलं शेवाळ, शिंपल्यांचे तुकडे, काटक्या, तिच्या वर बसलात तर या सात तिथींपैकी कुठलीही असो, पाय भिजणार नाहीत. किनाऱ्यावर दोन रेघा दिसल्या तर खालची कालची, वरची जुनी. वरची धरा.

पाऊणचा हिशेब मुंबई-रायगडला बऱ्यापैकी बसतो, पण तो हिशेब आहे, घड्याळ नाही. दक्षिणेकडे वेळा थोड्या सरकतात आणि पाण्याची उंचीही कमी होते : अलिबागकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास राहतो. म्हणून नक्की वेळेसाठी जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा, नाहीतर सरळ कोळीवाड्यात विचारा.

पंधरा दिवस आधीची पहाट

जागा बघायला ईस्टरच्या बरोबर पंधरा दिवस आधीच्या शनिवारी जा, आणि उपासनेच्याच वेळेला जा. भरतीचं चक्र जेमतेम पंधरा दिवसांचं असल्यामुळे त्या पहाटे पाणी जिथे असेल, जवळजवळ तिथेच ते ईस्टरला असणार. संध्याकाळी फिरायला गेल्यावर बघून आलो, हे बघणं नव्हे.

त्या पहाटे पाच गोष्टी डोळ्याखाली घाला. सूर्य नक्की कुठून येतो आणि किती उशिरा. कोष्टकातली सूर्योदयाची वेळ सपाट क्षितिजाची असते : आमच्या भागात २२ मार्चला साधारण ६:४०, ५ एप्रिलला ६:२८, २० एप्रिलला ६:१६. पण पूर्वेला डोंगर आणि त्याआधी सुरूचं बन असेल तर सूर्य प्रत्यक्ष दिसायला आणखी दहा-पंधरा मिनिटं लागतात, कधी जास्तही. ही मिनिटं घड्याळ लावून मोजा, सगळी उपासना त्यांच्यावर बेतायची आहे. मग वाट : म्हाताऱ्या माणसांना मऊ वाळूतून किती पावलं चालावं लागतं. चाळीसच्या वर असतील तर दुसरी जागा शोधा. होड्या आणि जाळी : वाळत घातलेल्या जाळ्यावरून कुणाचा पाय पडला तर तुमची पुढच्या वर्षीची परवानगी तिथेच संपली. चौथं थोडं अवघड आहे पण लिहायलाच हवं, काही किनाऱ्यांचा एखादा कोपरा पहाटे लोक परसाकडला वापरतात. संध्याकाळी ते कळत नाही. आणि पाचवं, स्मशान. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांचं स्मशान पुळणीलगतच असतं. जवळ असेल तर गावात विचारून घ्या, एवढंच. आपल्याला त्याचं वावडं असायचं कारण नाही. ईस्टरच्या सूर्योदयाची पहिली उपासना म्हणून जी सांगितली जाते ती १७३२ साली जर्मनीतल्या हेर्नहूटला झाली, आणि मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीतले तरुण पहाटे जमले होते ते टेकडीवरच्या दफनभूमीतच. आपल्याकडचे जुने लोकही ईस्टरच्या पहाटे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातच होते.

कासवांचंही विचारा. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं याच दिवसांत बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने चालतात. तुमचा हॅलोजन त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे घेऊन जाईल. घरटी राखणाऱ्या कासवमित्रांना किंवा वनखात्याच्या माणसाला भेटून जागा ठरवा, जमिनीवर दिवे कमीत कमी ठेवा, वाळूत खड्डे करू नका.

कागदपत्रं

तीन आठवडे हातात ठेवून अर्ज करा. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेला एक, पोलीस ठाण्याला एक, आणि किनारा मेरीटाईम बोर्डाच्या अखत्यारीत येत असेल तर त्यांच्या बंदर कार्यालयाला एक. अर्जात तारीख, वेळ, किती माणसं, किती गाड्या, स्पीकर आहे की नाही, आणि जबाबदार दोन माणसांचे नंबर. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश वर्षातून बऱ्याचदा लागलेला असतो, मार्च-एप्रिलमध्ये कधी निवडणुकीची आचारसंहिताही असते. ठाण्यात हे स्वतःहून विचारा, कुणी आपणहून सांगत नाही.

स्पीकरचा नियम साधा आहे : रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सहाच्या आत एकही शब्द माईकवरून जाता कामा नये. "पाचच मिनिटं" म्हणून सुरू केलेला माईक गावात वर्षभर बोलला जातो. मला विचाराल तर साठ माणसांना स्पीकर लागतच नाही, का ते पुढे येईल.

कागदांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे गावाला आधी सांगणं. सरपंच, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, किनाऱ्यालगतची चार घरं. पेढ्याचा पुडा घेऊन जा, रविवारी पहाटे आम्ही तासभर प्रार्थना करणार आहोत एवढं म्हणा आणि न्याहारीला बोलवा. त्या पहाटे पत्रकं वाटू नका. कुणी कुतूहलाने थांबलं तर चहा द्या.

कोण कुठे उभं राहणार

आता त्या पोस्टरकडे परत. आपल्या लोकांना समुद्राकडे तोंड करून बसायचं असतं, समुद्रावर आलोय ना. तसं बसवलंत तर पाळक पाण्याकडच्या बाजूला, उतारावर खाली उभे राहणार. मागच्यांना त्यांचं डोकंही दिसत नाही, लाटांच्या आवाजात शब्द बुडतात आणि सूर्य सगळ्यांच्या पाठीमागे उगवून मोकळा होतो.

उलट बसवा. लोकांची पाठ समुद्राला, तोंड पूर्वेला. पाळक वरच्या अंगाला, झाडांच्या बाजूला. पुळणीचा उतार समुद्राकडे असल्यामुळे ते आपोआप व्यासपीठावर असल्यासारखे उंच दिसतात. शिवाय पहाटे वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहतो, शाळेत शिकलो ते मतलई वारे हेच. तो त्यांच्या पाठीवरून येऊन आवाज लोकांपर्यंत आणून देतो. समुद्राकडचा खारा वारा सुरू व्हायला दहा-अकरा वाजतात, तोवर आपण घरी. मोठ्याने, सावकाश बोलणारा माणूस पाच-सहा रांगांपर्यंत स्वच्छ ऐकू येतो. मागची माणसं आणि लाटा यांच्यात निदान तीस पावलं राहू द्या.

आणि एक गोष्ट पूर्व किनाऱ्यावाल्यांना मिळत नाही. ईस्टर पौर्णिमेनंतर येत असल्यामुळे त्या पहाटे चंद्र आकाशात असतोच. प्रतिपदा ते चतुर्थी असेल तर तो पश्चिमेच्या अंगाला, समुद्रावर कललेला. सप्तमी असेल तर दक्षिणेला वर. उपासनेच्या सुरुवातीला लोकांना दोन मिनिटं समुद्राकडे तोंड करून उभं करा, अंधारात, चंद्राखाली. मग सगळ्यांनी वळायचं. पुढे सूर्य येईपर्यंत वळलेलंच राहायचं. आम्ही हे तीन वर्षं करतोय. पहिल्यांदा एक आजी वळताना वाळूत अडखळल्या, तेव्हापासून म्हाताऱ्यांच्या खुर्च्या आधीच पूर्वेकडे ठेवतो आणि ते फक्त मान वळवतात.

चाळीस मिनिटं

सूर्य दिसण्याची वेळ ६:४० निघाली असं धरू. लोकांना ५:४० ला बोलवा, म्हणजे सहापर्यंत येतील. सहाला कंदील लावायचा, तोही एकच. मेणबत्त्या नको : मतलई वारा मंद असला तरी मेणबत्ती विझवायला पुरतो, आणि वाळूत सांडलेलं मेण वेचताना नाकी नऊ येतात. मुलांच्या हातात काहीतरी द्यायचंच असेल तर काचेच्या बरणीत पणती.

पहिलं वाचन योहान २०, मरीया मग्दालीया अंधार असतानाच कबरेकडे येते तिथून. हे खरोखर अंधुक उजेडात वाचलं जावं, म्हणून सव्वासहाच्या आत. वाचणाऱ्याला टॉर्च धरणारा सोबती द्या. मग पाठ असलेली भजनं, टाळ आणि ढोलकीवर. गीतांचे कागद वाटू नका, उडतात आणि कुणाला दिसतही नाहीत. सगळ्यांना येतात अशीच गाणी निवडा, नवी चाल शिकवायची ही जागा नव्हे. तबला आणायचा हट्ट असेल तर दमट हवेत पुडी उतरते, शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवा. पेटी टेबलावर, खाली चादर. भात्यात वाळू गेली की दुरुस्तीवाला पुण्या-मुंबईचा शोधावा लागतो.

संदेश दहा मिनिटं. पाळकांना हे सेक्रेटरीने सांगायचं, आणि लेखी सांगायचं. सूर्याची पहिली कड दिसली की बोलणं जिथे असेल तिथे थांबवायचं, वाक्य अर्धं असलं तरी. "ख्रिस्त उठला आहे!" "तो खरोखर उठला आहे!" हे तीन वेळा, घसा फाडून. स्पीकरची गरज इथेही नाही. सूर्य ढगाआड राहिला तर? एप्रिलमध्ये पूर्वेला डोंगरावर धुकट पट्टा असतो. ठरलेल्या मिनिटाला एका माणसाने हात वर करायचा आणि घोषणा द्यायची, सूर्य दिसो न दिसो. तो माणूस आधी ठरवून ठेवा, नाहीतर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, आम्ही किनाऱ्यावर घेत नाही, ते नंतर चर्चमध्ये. वाळू, वारा, लहान पेले, हात धुवायची सोय नाही. पवित्र गोष्टीची धावपळ होते. काही मंडळ्या घेतात, त्यांचा अनुभव वेगळा असेल.

खुर्च्या, दव आणि लहान मुलं

प्लास्टिक खुर्चीचे पाय कोरड्या वाळूत रुततात आणि माणूस मागे कलंडतो. प्रत्येक खुर्चीच्या मागच्या दोन पायांखाली एक फळकूट आडवं घाला. वीस खुर्च्या पुरेत, बाकीचे सतरंजीवर. पहाटे दव पडलेलं असतं, कोरडी फडकी विसरू नका. सामान टेम्पोतून आणलं तर टेम्पो रस्त्यावरच थांबवा : वाळूवर गाडी घालायला मनाई आहे, आणि रुतली तर भरती तुमची वाट बघत नाही.

मुलांवर दोन जण नेमा, ज्यांना दुसरं कुठलंही काम नाही. पाण्याच्या बाजूला दोरी धरून दोन तरुण उभे करा. येताना आणि निघताना डोकी मोजा. सुकतीच्या वर्षी वेगळा मोह असतो : पाणी मागे गेलेलं दिसतं आणि मोठी पोरं न्याहारीनंतर खडकांकडे, आमच्याकडे कुलाबा किल्ल्याकडे, चालत सुटतात. भरती परतायला लागली की वाट बंद. परवानगी नाही म्हणून आधीच सांगून टाका. शुक्रवार ते रविवार जोडून सुट्टी असल्याने रस्त्याला पर्यटकांची गर्दीही असते, पण पहाटे पाचला ते झोपलेले असतात. परतताना साडेआठच्या आत निघा.

निखाऱ्यांवरची न्याहारी

योहानाच्या एकविसाव्या अध्यायात उठलेला येशू पहाटे किनाऱ्यावर निखारे पेटवून मासळी आणि भाकर तयार ठेवतो आणि रात्रभर जाळी ओढून दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. कोळीवाड्याच्या शेजारी ही उपासना घ्यायची आणि सामोसे वाटायचे, हे मला पटत नाही.

साठ माणसांना कांदेपोहे पाच ते सहा किलो, उकडलेली अंडी ऐंशी, चहा दहा लिटर. पोहे कुणाच्या तरी घरी करून डब्यात भरून आणा. किनाऱ्यावर फक्त चहा तापवा आणि बांगडा भाजा. बांगडा आदल्या संध्याकाळी घ्या, साफ करून हळद-मीठ लावून बर्फात ठेवा. साठ माणसांना वीस-पंचवीस पुरतात, प्रत्येकाला चव मिळाली की झालं. विस्तव लोखंडी घमेल्यात करा, घमेलं चार विटांवर. वाळूवर थेट पेटवू नका, आणि निखारे वाळूत पुरू तर मुळीच नका : वरून गार दिसणारी ती जागा आतून तासन्‌तास पोळते आणि अनवाणी मूल नेमकं तिथेच पळतं. समुद्राचं पाणी ओतून विझवा, राख पोत्यात भरून परत न्या.

बांगडा भाजायचं काम आमच्याकडे महिला मंडळाने कोळीवाड्यातल्या दोन बायकांना दिलं आहे. रीतसर पैसे देऊन. पहिल्या वर्षी आमच्या पंचांनी स्वतः भाजले होते, ते कुणी खाल्ले नाहीत.

निघताना अंड्यांची टरफलं, कागदी कप, काटे, सगळं दोन पोत्यांत. संडे स्कूलच्या मुलांना एका रांगेत उभं करून सुरूच्या बनापासून भरतीच्या रेघेपर्यंत चालवा, दुसऱ्यांचा कचराही उचलू द्या. खुर्च्या मोजून टेम्पोत चढवा. क्रूस शेवटी काढा. रोवताना हातभर खोल गेलेला असतो, हलवून हलवून काढावा लागतो आणि दोन माणसं लागतात. दहाच्या उपासनेला सगळ्यांच्या चपलांतून चर्चभर वाळू येणार आहे, झाडू दाराशी आणून ठेवा.